घरच्या संगणकात व्हायरस शिरतो कुठून आणि त्याला अडवायचं कसं

सुरुवात पेनड्राइव्हपासून. मुक्त विद्यापीठाचा अर्ज, कोर्टात द्यायचं प्रतिज्ञापत्र, सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधलं ड्रॉइंग, कशाचीही प्रिंट हवी असली की पेनड्राइव्ह खिशात टाकून झेरॉक्सवाल्याकडे जायची नाशिककरांची सवय अजून सुटलेली नाही. दुकानातल्या त्या एका संगणकाला दिवसभर अनोळखी पेनड्राइव्ह लागत असतात. त्यातल्या एकात व्हायरस असला, की तो मागून येणाऱ्यांच्या पेनड्राइव्हमध्येही जातो. घरी येऊन बघावं तर फोल्डरच्या जागी शॉर्टकट. काम अडलेलं असतं, म्हणून आपण डबल क्लिक करतो आणि तिथेच फसतो. तो शॉर्टकट आधी व्हायरस चालवतो, मग तुमचा खरा फोल्डर उघडून दाखवतो. सगळं नेहमीसारखं दिसतं, त्यामुळे शंकाही येत नाही.

अशा वेळी फाइली बहुधा गेलेल्या नसतात, नुसत्या लपवलेल्या असतात, म्हणून घाईने फॉरमॅट मारू नका. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडर या विंडोजसोबतच येणाऱ्या अँटिव्हायरसने स्कॅन करा (विंडोज ११ मध्ये हा पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'खाली सापडतो). मग फोल्डर ऑप्शन्सच्या 'व्ह्यू' टॅबमध्ये लपवलेल्या फाइल दाखवायचा पर्याय निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'पुढची खूण काढा. आता पुसट रंगाचे फोल्डर दिसतील. कधी कधी नावच नसलेला एक फोल्डर दिसतो आणि सगळ्या फाइली त्यातच असतात. उघडण्याआधी डिटेल्स व्ह्यूमधला 'टाइप'चा रकाना वाचा. 'फाइल फोल्डर' असेल तरच उघडा, 'शॉर्टकट' असेल तर हात लावू नका. फक्त आपली कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढा, त्यानंतर पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि काढलेली खूण परत लावा. ती तशीच राहिली तर विंडोजच्या कामाची फाइल चुकून डिलीट होऊ शकते.

यापुढे प्रिंटसाठी पीडीएफ ईमेलने पाठवा. पेनड्राइव्ह न्यावाच लागला तर ४ किंवा ८ जीबीचा एक वेगळा ठेवा. त्यात प्रिंटच्या पीडीएफशिवाय काहीही नको, आणि परत आल्यावर तो दर वेळी फॉरमॅट करा. सेटिंग्जमध्ये ऑटोप्ले, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच तो आपोआप उघडण्याची सोय, बंद करा. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून फाइल नेम एक्स्टेन्शन्स सुरू करा, म्हणजे 'बिल.पीडीएफ' दिसणारी फाइल खरं तर 'बिल.पीडीएफ.ईएक्सई', म्हणजे कागद नसून प्रोग्रॅम आहे, हे लगेच कळेल.

दुसरी वाट म्हणजे क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर पैसे न देता चालवायची चोरटी सोय, आणि ही जास्त घातक. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, फोटोशॉप, विंडोज ॲक्टिव्हेट करणारी टूल्स फुकट मिळतात, पण सोबतच्या सूचनेत पहिली ओळ बहुधा 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी असते. ती पाळणं म्हणजे चोराला किल्ली देणं. अशा टूलमधून येणारे पासवर्डचोर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन उचलून नेतात, तेही संगणक जराही मंद न होता. नुसत्या मराठी टायपिंगसाठी तर क्रॅकची गरजच नाही. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मधून मराठी भाषा जोडा, फोनेटिक कीबोर्ड मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आहे.

कोणाकडून विंडोज टाकून आणलं असेल तर एक तपासणी नक्की करा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथून 'मॅनेज सेटिंग्ज', आणि तळाशी 'एक्स्क्लूजन्स'. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा अनोळखी फोल्डर दिसला तर काढून टाका. यादीतल्या जागा डिफेंडर तपासतच नाही.

अलीकडची एक युक्तीही ओळखून ठेवा. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणत एखादं पान विंडोज बटण आणि आर दाबायला, मग पेस्ट करून एंटर मारायला सांगतं. असं केलं की त्या पानाने गुपचूप कॉपी केलेला आदेश तुमच्याच हाताने चालतो. खरा कॅप्चा असं कधीच करायला लावत नाही. ते पान तिथेच बंद करा.

अँटिव्हायरस एकच ठेवा. दोन असले की एकमेकांत अडकतात आणि संगणक रखडतो. घरच्या वापराला चालू आणि अपडेटेड डिफेंडर पुरतो. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, म्हणून तुमच्या मशीनवर चालत असेल तर विंडोज ११ वर जा. अपडेट टाळायची किंमत केवढी असते ते मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या हल्ल्यात दिसलं. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच आलं होतं. रोजच्या वापरासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं खातं बनवा, मुलांसाठी तर नक्कीच.

फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरससाठी विंडोज सिक्युरिटीतल्या 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मधला 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू करा. त्यानंतर एखादं जुनं सॉफ्टवेअर फाइल सेव्ह करेनासं झालं तर घाबरू नका, तेवढ्याच सॉफ्टवेअरला तिथून परवानगी द्या. खरा आधार मात्र बॅकअपचा. महत्त्वाच्या फाइलींच्या एकूण तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. बाहेरची हार्ड डिस्क कॉपी होताच काढून ठेवा. लागलेलीच राहिली तर व्हायरस तिच्यातल्या फाइलीही कुलूपबंद करतो.

संशय आला तर सगळ्यात आधी वायफाय बंद करा किंवा इंटरनेटची (लॅनची) वायर काढा. मग 'स्कॅन ऑप्शन्स'मधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन लावा. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि साधारण पंधरा मिनिटं लागतात, तोवर मध्येच बटण दाबू नका. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ साधनावरून बदला आणि 'सगळीकडून लॉग आउट' करा. नुसता पासवर्ड बदलला तर चोरलेलं चालू लॉगिन तसंच राहू शकतं. खात्यातून पैसे गेले असतील तर त्याच घडीला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर पैसे देऊ नका आणि त्या पुसूही नका. 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर काही प्रकारांची किल्ली फुकट मिळते. आज मिळाली नाही तरी पुढे कधीतरी निघू शकते, म्हणून त्या फाइली वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा.