तुर्की आवाज मोजायला शिकताना

मुंबईत स्पीच थेरपीची पदवी घेऊन अंकाऱ्याला आले, तेव्हा माझी समजूत होती की आवाज मोजायला भाषा लागत नाही. रुग्णाने ‘आऽऽ’ लावायचा, प्राट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मधला तुकडा निवडायचा, आकडे उतरवून घ्यायचे. त्यामुळे शिष्यवृत्तीचं पहिलं वर्ष नुसतं तुर्की शिकण्यात चाललंय याची हळहळ वाटायची. या कामाला येणाऱ्यांना आज मी आधी हेच सांगते, की ते वर्ष मनापासून करा.

स्वरतंतूंवर गाठी असलेली शिक्षिका तीन सेकंदांचा ‘आ’ बऱ्यापैकी स्वच्छ लावते आणि वाचायला लागली की दुसऱ्या ओळीला तिचा आवाज फाटतो. म्हणून यूरी मारीन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेल्या एव्हीक्यूआय या निर्देशांकात ‘आ’च्या जोडीला वाचलेली वाक्यंही धरतात. सहा मापं मिळून ० ते १० मधला एक आकडा येतो. तो जितका मोठा तितका आवाज बिघडलेला. मात्र वाक्यातला फक्त घोष भाग, म्हणजे स्वरतंतू थरथरतात तेवढाच, मोजणीत येतो.

आणि इथेच तुर्की आडवी येते. आपली ‘किताब’ तिकडे ‘किताप’ होते, शेवटचा वर्ण अघोष. पुढे स्वराचा प्रत्यय लागला की ब परत येतो. पावसाच्या तुर्की शब्दात ‘ग’वर टोपी घातलेलं एक अक्षर लिहितात, पण उच्चारात ते विरघळून आधीचा ‘आ’ लांबतो. दोन अघोष व्यंजनांमध्ये सापडलेले इ-उ कधी नुसते कुजबुजल्यासारखे निघतात. कोणतं वाक्य वाचायला दिलं, यावर मोजण्याजोगा आवाज किती हाती लागेल हे ठरतं. म्हणूनच वाचायचा मजकूर किती आणि बिघाडाची सीमा कुठे, हे दर भाषेसाठी वेगळं ठरवतात. हा निर्देशांक आधी डचमध्ये तयार झाला; डच रुग्णांवर बेतलेली ती सीमा तुर्की रुग्णाला लावू नका.

माझ्या कानालाही सवय करावी लागली. घ, भ, म्हातारा, व्हावं हे ऐकत वाढलेल्या मराठी कानाला आवाजात मिसळलेला श्वास भाषेचाच भाग वाटतो. तुर्कीत असे घोष महाप्राण नाहीत. आवाज ऐकून बिघाडाला गुण द्यायच्या जीआरबीएएस पट्टीवर श्वासमिश्रितपणा मांडताना मी तुर्की सहकाऱ्यांपेक्षा कमी गुण द्यायचे. त्यांच्याशेजारी बसून तीच रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकली, तेव्हा कुठे आमचं जुळायला लागलं.

पहिल्या तीन आठवड्यांच्या फायली मी टाकून दिल्या. खोलीतला एसी चालू राहिला होता. ती घरघर आपल्याला ऐकू येईनाशी होते, पण शिमर, म्हणजे कंपनागणिक आवाजाच्या जोरात होणारा चढउतार, फुगतो आणि हार्मोनिक्स-नॉइज गुणोत्तर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत स्वच्छ सुराचं प्रमाण, घसरतं. आवाज खोलीतल्या गोंगाटाच्या किमान ३० डेसिबल वर हवा, ४२च्या वर असला तर उत्तम. डोक्याला लावायचा माइक घ्या, ओठांपासूनचं अंतर मोजून लिहा, ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल ठेवा. व्हॉट्सअॅपवर आलेली क्लिप मोजू नका.

प्राटच्या मार्गदर्शिकेत जिटरसाठी, म्हणजे कंपनागणिक कालावधीत होणाऱ्या फरकासाठी, १.०४० आणि शिमरसाठी ३.८१० टक्के अशा सीमा दिसतील. त्या एमडीव्हीपी या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आहेत, आणि जिटरचा आकडा जसाच्या तसा धरू नका असं मार्गदर्शिका स्वतःच बजावते. तरी नवी मुलं त्यावरून निदान लिहितात, याचं मला फार वाईट वाटतं. आवाज इतका खरखरीत असेल की कंपनांची आवर्तनंच ओळखू येत नाहीत, तर जिटर लिहूच नये. तिथे सेप्स्ट्रल पीक प्रॉमिनन्स, म्हणजे आवाजातली नियमितता किती ठळक आहे याचं माप, बघा. त्याला एकेक आवर्तन सुटं करावं लागत नाही.

राहिला रुग्ण. वयस्क बाईंना ‘तेयझे’, म्हणजे मावशी, म्हणा, अहो-जाहोचं ‘सिझ’ सोडू नका. ‘रहात’, म्हणजे निवांत, असा एक शब्द त्यांच्याकडे आहे. ‘आ’ लावायला सांगताना तोच वापरा. ‘नीट म्हणा’ म्हटलं की शिक्षक वर्गातला आवाज काढतात, मुअज्जिन अजानचा, आणि मोजायचा असतो तो रोजचा आवाज निसटतो. मी आधी पाच मिनिटं मुलाबाळांची चौकशी करते, मग रेकॉर्डिंग. उठताना ‘गेचमिश ओल्सुन’, लवकर बरं वाटू दे. थेरपी झाल्यावर पुन्हा तीच खुर्ची, तेच वाक्य, माइकचं तेच अंतर.