जुना ऑसिलोस्कोप दुरुस्त कसा करावा

ऑसिलोस्कोप म्हणजे बदलत्या व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारे यंत्र. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत डिजिटल ऑसिलोस्कोप आले, तसे जुने काचेच्या पडद्याचे ऑसिलोस्कोप, म्हणजे सीआरओ, आधी कपाटावर, मग जिन्याखाली आणि शेवटी भंगारात गेले. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असे यंत्र अजूनही एखाद्या वेळी हाती लागते. त्यातली बरीच यंत्रे खरोखर निकामी झालेली नसतात. एखादा कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो किंवा एखाद्या स्विचवर काजळी धरलेली असते, आणि तेवढ्यासाठी सगळे यंत्र टाकून दिलेले असते.

या लेखात उदाहरणासाठी टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा ऑसिलोस्कोप घेतला आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातील बीव्हर्टन येथील या कंपनीने तो १९७२ मध्ये बाजारात आणला. दोन चॅनेल, १०० मेगाहर्ट्‌झ बँडविड्थ आणि ३.५ नॅनोसेकंद राइज टाइम ही त्याची क्षमता आजही घरगुती प्रयोगशाळेला पुरून उरते. दुरुस्तीच्या दृष्टीने तो फार सोयीचा आहे, कारण आतले बहुतेक भाग सुटे व ओळखता येण्याजोगे आहेत आणि त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये संपूर्ण आकृत्या, ठिकठिकाणचे व्होल्टेज आणि अपेक्षित वेव्हफॉर्म दिलेले आहेत. पुढे सांगितलेली पद्धत त्या काळच्या इतर ऑसिलोस्कोपनाही जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. तिचा गाभा एवढाच, की मोजमापाने दोषाची जागा ठरल्याशिवाय एकही भाग बदलू नये आणि एकही ट्रिमर (बारीक जुळवणीचा आतला स्क्रू) फिरवू नये.

उघडण्यापूर्वी

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. या यंत्राच्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांना वेग देणारा एकूण दाब सुमारे १८,००० व्होल्ट असतो, आणि यंत्र बंद केल्यावरही ट्यूबच्या अ‍ॅनोडवर व मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार टिकून राहतो. कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामा करण्याची सवय वाईट आहे. काही किलोओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारांना जोडून घ्यावा, त्यातून कपॅसिटर रिकामा करावा आणि मग मीटर लावून तो खरोखर रिकामा झाल्याची खात्री करावी. उच्च दाबाच्या डब्याला सुरुवातीला हात लावूच नये. चालू यंत्रावर काम करताना एक हात खिशात ठेवावा आणि घरात दुसरे कोणीतरी असू द्यावे. अर्थिंगची पिन काढून किंवा तोडून यंत्र कधीही चालवू नये.

दुसरी गोष्ट मागच्या बाजूच्या व्होल्टेज सिलेक्टरची. अमेरिकेतून आलेले यंत्र ११५ व्होल्टवर ठेवलेले असू शकते, आणि आपल्याकडचे २३० व्होल्ट त्याला थेट दिले तर दुरुस्तीचे काम एका क्षणात दुप्पट होते. सिलेक्टर पाहावा, फ्यूज काढून त्यावरचा आकडा वाचावा आणि तो मॅन्युअलमधल्या आकड्याशी पडताळावा. मागच्या मालकाने फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली असेल, तर ती माहिती म्हणून जपावी, कारण आत कुठेतरी शॉर्ट आहे हे तिच्यावरून जवळजवळ निश्चित होते.

कव्हर काढल्यावर लगेच मीटर उचलू नये. चांगल्या उजेडात दहा मिनिटे नुसते पाहावे आणि वास घ्यावा. काळवंडलेला रेझिस्टर, फुगलेला किंवा बुडाशी ओलसर दिसणारा कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मरभोवतीचा जळका वास, निसटलेला कनेक्टर या गोष्टी डोळ्यांना आणि नाकाला आधी कळतात. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे गोदामात काढलेल्या यंत्रात बुरशी, गंज आणि झुरळांची घाण हमखास सापडते. मऊ ब्रश आणि हलका ब्लोअर वापरून धूळ काढावी. दमट यंत्र मोठ्या खोक्यात ४० वॅटचा पिवळा दिवा लावून, दिव्यापासून अंतर राखून, दोन-तीन दिवस कोरडे करावे. उच्च दाबाच्या भागात धूळ आणि ओल एकत्र आली की ठिणगी पडते, म्हणून हा वेळ वाया जात नाही.

वीज देण्याआधीचे मोजमाप

४६५ मध्ये वीजपुरवठ्याच्या पाच मुख्य रेल, म्हणजे ठरावीक व्होल्टेज सगळ्या बोर्डांना पोहोचवणाऱ्या वाहिन्या, आहेत: +११०, +५५, +१५, +५ आणि −८ व्होल्ट. यंत्र बंद आणि कपॅसिटर रिकामे असताना प्रत्येक रेल आणि चॅसिस यांच्यातला रेझिस्टन्स मोजून वहीत लिहावा. मीटर जोडल्यावर आकडा हळूहळू चढत गेला तर कपॅसिटर भारित होत आहेत, म्हणजे ती रेल बहुधा ठीक आहे. आकडा एक-दोन ओहमवरच थांबला तर त्या रेलवर शॉर्ट आहे असे समजावे.

अशा शॉर्टचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे टँटलम कपॅसिटर. सत्तरच्या दशकातल्या यंत्रांत ते रंगीत थेंबाच्या आकाराचे असतात. प्रत्येक बोर्डवर, प्रत्येक विभागापाशी, रेल स्थिर ठेवण्यासाठी ते बसवलेले असतात आणि वय झाले की बाहेरून काहीही न दाखवता आतल्या आत शॉर्ट होतात. अडचण अशी, की एका रेलवर असे दहा-पंधरा कपॅसिटर समांतर जोडलेले असतात आणि मीटर त्या सर्वांवर तोच एक ओहम दाखवतो. पुष्कळ जण इथे एकेक कपॅसिटर उपसत जातात आणि पन्नास वर्षांचे जुने ट्रॅक (बोर्डवरच्या तांब्याच्या पट्ट्या) उचकटून बसतात. त्याची काही गरज नसते.

त्याऐवजी करंट मर्यादित करता येईल असा पॉवर सप्लाय घ्यावा. त्याची करंट मर्यादा एक अ‍ॅम्पिअर आणि व्होल्टेज मर्यादा एक व्होल्ट ठेवून तो बंद यंत्राच्या त्या रेलला योग्य दिशेने जोडावा. एवढ्या कमी दाबाने इतर भागांना धक्का लागत नाही, आणि करंटचा मोठा वाटा शॉर्ट झालेल्या कपॅसिटरकडे वाहतो. आता मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याचे काळे टोक चॅसिसला लावावे आणि लाल टोक रेलच्या ट्रॅकवरून पुढे सरकवावे. नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा दोन मिलिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब ट्रॅक सुमारे २५ मिलिओहमचा असतो, म्हणजे एका अ‍ॅम्पिअरला तेवढ्या अंतरावर २५ मिलिव्होल्ट कमी होतात. करंट ज्या वाटेने जात असेल त्या वाटेवर आकडा उतरत जातो, आणि करंट नसलेल्या फाट्यावर तो स्थिर राहतो. उतरता आकडा जिथे थांबतो तिथेच शॉर्ट असतो.

एका महाविद्यालयाने मोडीत काढलेल्या, वेगळ्या बनावटीच्या दोन चॅनेलच्या ऑसिलोस्कोपवर मी ही पद्धत प्रथम वापरली. १५ व्होल्टच्या रेलवर ०.९ ओहम दिसत होते. पुरवठ्याच्या टोकाला ९४० मिलिव्होल्ट, बोर्डच्या कनेक्टरवर ९२२, अ‍ॅम्प्लिफायरच्या वळणावर ९०८, आणि मग मसुराच्या दाण्याएवढ्या एका निळ्या टँटलमच्या पायाशी ९०३. त्याच्या पुढे कुठेही टोक लावले तरी ९०३ च. त्या एका कपॅसिटरचा एक पाय उचलला आणि रेलचा रेझिस्टन्स चारशे ओहमवर गेला. चौदा कपॅसिटर त्या रेलवर होते, आणि तेरांना हात लावावा लागला नाही.

बदली कपॅसिटर घालताना त्याचे व्होल्टेज रेलच्या दुप्पट असावे. १५ व्होल्टच्या रेलसाठी ३५ व्होल्टचा भाग योग्य ठरतो. पोलॅरिटीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण टँटलमवरची खूण बहुधा धन टोकाची असते, तर अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकवरचा पट्टा ऋण टोकाचा असतो. एकाच्या जागी दुसरा बसवताना इथेच चूक होते. डाग देताना सोल्डरिंग आयर्नचे टोक ट्रॅकवर रेंगाळू देऊ नये. जुना कथील-शिशाचा डाग असेल तर थोडा ताजा सोल्डर लावून तो आधी पातळ करावा आणि मग शोषून घ्यावा.

सिरीज दिव्यावर पहिली सुरुवात

शॉर्ट दूर झाल्यावरही यंत्राला थेट वीज देऊ नये. इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बोर्ड करावा, म्हणजे फेजच्या तारेत १०० वॅटचा जुना पिवळा दिवा येईल. यंत्र सुरू करताना दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक आहे. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर लगेच बंद करावे. हा उपाय लोखंडी गाभ्याच्या मेन ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रांसाठी आहे. स्विच मोड सप्लाय असलेल्या यंत्राला तो फसवा ठरतो, कारण कमी दाबावर असा सप्लाय जास्त करंट ओढतो.

दिवा मंद राहिला तर थेट जोडणी करून पाचही रेल मोजाव्यात. अशा सप्लायमध्ये बहुधा एक रेल संदर्भाची असते आणि इतरांचे व्होल्टेज तिच्यावरून ठरते, त्यामुळे सगळ्याच रेल थोड्याथोड्या चुकलेल्या दिसल्या तर आधी संदर्भाची रेल पाहावी. नंतर दुसऱ्या ऑसिलोस्कोपने रिपल, म्हणजे डीसी व्होल्टेजवर उरलेली लाट, पाहावा. आपल्याकडे मेन ५० हर्ट्‌झची असल्याने फुल वेव्ह रेक्टिफायरनंतरचा रिपल १०० हर्ट्‌झचा हवा. तो ५० हर्ट्‌झचा दिसला तर एखादा डायोड किंवा त्याकडे जाणारी जोडणी उघडी आहे.

रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) पुढे मोठा रिपल दिसला तर रेग्युलेटरला दोष देण्याआधी त्याच्या मागचे कच्चे व्होल्टेज पाहावे. ३,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर अर्धा अ‍ॅम्पिअर भार असेल तर दर १० मिलिसेकंदांत व्होल्टेज सुमारे १.७ व्होल्टने खाली येते. कपॅसिटर सुकून निम्मा झाला की हीच घसरण ३.३ व्होल्टची होते, लाटेचा तळ रेग्युलेटरला लागणाऱ्या किमान दाबाच्या खाली जातो आणि प्रत्येक लाटेत क्षणभर नियंत्रण सुटते. पडद्यावरची रेघ तेव्हा थरथरते. दोष मात्र अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नसतो.

रेल ठीक, पण रेघ नाही

आधी बटणे पाहावीत. ट्रिगर ऑटोवर, इनपुट ग्राउंडवर, टाइमबेसचा स्विच एक्स-वायवरून काढलेला, पोझिशनचे नॉब मध्यभागी आणि इंटेन्सिटी जराशी वाढवलेली. तरीही रेघ दिसली नाही तर बीम फाइंड हे हरवलेली रेघ शोधण्याचे बटण दाबावे. ते दाबल्यावर पडद्यावर वरच्या किंवा खालच्या बाजूला काही चमकले, तर ट्यूब आणि उच्च दाब दोन्ही जिवंत आहेत, फक्त बीम पडद्याबाहेर ढकलला जात आहे.

इथे या यंत्रांच्या रचनेचा फार सुंदर उपयोग होतो. उभ्या विचलनाचा अ‍ॅम्प्लिफायर पुश-पुल असतो, म्हणजे इनपुटपासून ट्यूबच्या प्लेटपर्यंत सारख्याच दोन बाजू शेजारी शेजारी चालतात आणि दोन्हींचे व्होल्टेज समान असले की बीम मध्यावर येतो. शेवटच्या टप्प्यातल्या दोन ट्रान्झिस्टरचे बेस इन्सुलेटेड जम्परने एकमेकांना जोडावेत. जोडताना यंत्र बंद ठेवावे आणि मॅन्युअलमधल्या आकृतीवर आधी बोट ठेवून जागा नक्की करावी. रेघ मध्यावर आली तर शेवटचा टप्पा निर्दोष आहे आणि दोष त्याच्या आधी आहे. मग एक टप्पा मागे जाऊन तेच करावे. ज्या टप्प्याच्या बेसना जोडूनही रेघ मध्यावर येत नाही, तो टप्पा सदोष. तिथे प्रत्येक ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज मोजावे. सिलिकॉन ट्रान्झिस्टरला ते ०.६ ते ०.७ च्या आसपास हवे. दोन चॅनेल असल्याचा फायदाही विसरू नये, कारण बिघडलेल्या चॅनेलचा प्रत्येक आकडा चांगल्या चॅनेलच्या त्याच बिंदूशी ताडून पाहता येतो.

४६५ मधले अनेक ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवलेले आहेत. यंत्र बंद करून संशयित ट्रान्झिस्टर बाहेर काढून पुन्हा नीट बसवला, तर एवढ्यानेही काही वेळा काम होते, कारण पायांवरचा ऑक्साइडचा थर घासला जातो. मात्र एका वेळी एकच काढावा आणि तो त्याच जागी परत ठेवावा.

व्होल्ट आणि टाइमचे मोठे नॉब फिरवताना रेघ उडते किंवा नाहीशी होते, ही जुन्या यंत्रांची नेहमीची तक्रार आहे. या यंत्रात कॅमवर उघडझाप करणारे बारीक स्प्रिंगचे संपर्क असून ते सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांवर टेकतात. त्यांवर बाजारातला कॉन्टॅक्ट स्प्रे मारू नये आणि पॉलिश पेपर तर मुळीच लावू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी संपर्काखाली सरकवावी, नॉब फिरवून तो बंद करावा आणि पट्टी हळूच ओढून घ्यावी. पट्टीवर काळी रेघ उमटते. ती उमटायची थांबेपर्यंत हे करत राहावे.

शेवटची तपासणी

यंत्र किमान वीस मिनिटे गरम होऊ द्यावे. पुढच्या पॅनेलवरच्या कॅलिब्रेटरमधून ०.३ व्होल्टची, सुमारे एक किलोहर्ट्‌झची चौकोनी लाट मिळते. दहापट प्रोब (लाट दहापट लहान करणारा) लावला आणि इनपुट ५ मिलिव्होल्टवर ठेवले तर ती पडद्यावरच्या जाळीची सहा घरे उंच दिसायला हवी. कोपरे गोल किंवा टोकदार दिसले तर प्रोबचा ट्रिमर फिरवून ते सरळ करावेत. या कॅलिब्रेटरची वारंवारता अचूक नसते, म्हणून टाइमबेस तपासण्यासाठी क्रिस्टल ऑसिलेटर वापरावा. एक मेगाहर्ट्‌झच्या ऑसिलेटरची एक लाट, एक मायक्रोसेकंदावर, बरोबर एक घर व्यापते.

आकडा थोडा चुकला तरी आतले ट्रिमर लगेच फिरवू नयेत. कव्हर बसवून यंत्र दोन तास चालवावे, ते पुन्हा उघडून पाचही रेल मोजाव्यात आणि वहीतल्या पहिल्या आकड्यांशेजारी लिहाव्यात. त्या जागच्या जागी असतील, तरच मॅन्युअलमधल्या क्रमाने कॅलिब्रेशनला हात घालावा.