मताचा अधिकार नसताना ग्रामसभेत विषय कसा मांडावा

महाराष्ट्रात गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्यांचीच ग्रामसभा बनते, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना तिथे मत नसते आणि ठरावाचे सूचक किंवा अनुमोदकही होता येत नाही. तरीही शाळेच्या वाटेवरचा बंद पथदिवा किंवा अभ्यासिकेला लागलेले कुलूप यांचा त्रास ज्यांना होतो, त्यांनीच तो मांडलेला बरा, आणि त्यासाठी भाषणापेक्षा नेमका अर्ज अधिक उपयोगी पडतो.

एका वेळी एकच विषय घ्यावा आणि तो कोणाच्या अखत्यारीत येतो हे आधी पाहावे. पथदिवा ग्रामपंचायतीचा असतो, पण एसटीच्या फेरीचे वेळापत्रक आगारात ठरते. तिथे ग्रामसभेचा ठराव अर्जाला जोडण्यापुरता कामी येतो.

कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्या प्रथेप्रमाणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. विषयपत्रिका निघण्याच्या पुरेशी आधी अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (2024 पर्यंत या पदाला ग्रामसेवक म्हणत), म्हणजे गावच्या भाषेत भाऊसाहेबांकडे, द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊनच कार्यालय सोडावे. अशी पोच नसेल, तर विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात ढकलला जातो, आणि तोवर निम्मी सभा उठून गेलेली असते. ठराव मांडण्यास व त्याला अनुमोदन देण्यास दोन मतदार आधीच तयार ठेवावेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे आणि आई, काकू किंवा शेजारच्या ताईंनी तिथे विषय मांडला, तर मुख्य सभेत तो डावलणे अवघड जाते. माझ्या मते हीच सर्वात दुर्लक्षित वाट आहे. गावात बालसभा होत असेल, तर तिथल्या मागण्याही लेखी स्वरूपात ग्रामपंचायतीकडे द्याव्यात.

सभेनंतर इतिवृत्तात ठराव कोणत्या शब्दांत लिहिला गेला हे पाहणे आवश्यक असते. ‘चर्चा झाली’ आणि ‘मंजूर करण्यात आले’ यांत फार अंतर आहे. ग्रामपंचायतीचा आराखडा व खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पाहता येतो. तिथे उलगडा झाला नाही, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घ्यावा, कारण हा अधिकार नागरिकाला आहे आणि त्यात वयाची अट नाही. 2012 मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने गांधीजींना ‘राष्ट्रपिता’ ही पदवी कधी दिली गेली, हे सरकारला याच कायद्याने विचारले होते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा, 150 शब्दांच्या आत आणि 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून करावा लागतो. उत्तरासाठी साधारणपणे 30 दिवसांची मुदत असते. अर्जावर घरचा पत्ता असतो आणि तो कोणी केला हे संध्याकाळपर्यंत गावभर होते, म्हणून पालकांना आधी सांगून ठेवावे.

तुमचा विषय गाजू लागला की एखादा पुढारी प्रचारफेरीचे निमंत्रण देईल. निवडणूक प्रचारात मुलांचा वापर करू नये, असे निवडणूक आयोगाने 2024 मध्ये पक्षांना बजावले आहे, तेव्हा नम्रपणे नकार द्यावा. सतरा वर्षे पूर्ण होताच मात्र मतदार नोंदणीचा नमुना 6 आगाऊ भरता येतो. पंचायतीची निवडणूक लढवण्यासाठी एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागते.