मुलांना यूट्यूब चॅनेल लावून देण्याआधी ते असं तपासा

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. जुळे सोलापुरात आमच्या गल्लीतल्या आया फोन घेऊन येतात आणि विचारतात, "बाई, पोरगं दिवसभर हेच बघालंय, चांगलं हाय का हे?" दोन मिनिटं बघून मी उत्तर देत नाही. चॅनेल पारखायला निवांत तासभर लागतो, आणि तो तास मूल शेजारी नसताना काढायचा. ते शेजारी असलं की आपलं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडं जातं. ते हसलं की आपल्याला व्हिडिओ चांगलाच वाटतो.

त्या तासात तीन व्हिडिओ अथपासून इतिपर्यंत पाहा. एक अगदी ताजा, एक चॅनेल सुरू झालं तेव्हाचा, आणि तिसरा तुम्हाला पक्क्या माहीत असलेल्या विषयावरचा. पहिल्या दोहोंवरून चॅनेल कुठून कुठं आलं ते कळतं. पाढ्यांपासून सुरू होऊन खेळण्यांची खोकी उघडण्यापर्यंत पोचलेली चॅनेल कमी नाहीत.

खरी परीक्षा तिसऱ्या व्हिडिओची. "आम्ही कुठं एवढं शिकलोय" म्हणून बऱ्याच जणी इथं माघार घेतात, ती घेऊ नका. ऋतूंवरचा व्हिडिओ लावा. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून उकडतं, असं त्यात सांगितलं तर लगेच थांबा. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. तेव्हा आपल्याकडं सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली असते आणि सकाळी पोरं स्वेटर घालून शाळेला जातात. जुलैच्या सुरुवातीला हेच अंतर १५.२ कोटी किलोमीटर असतं. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. एवढी मूळ गोष्ट चुकवणाऱ्या चॅनेलवर बाकीच्या विषयांसाठी मी भरवसा ठेवत नाही.

दुसरी कसोटी सावलीची. रोज दुपारी बाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, हे वाक्य व्हिडिओंत सर्रास सापडतं. सोलापुरात सावली पायाखाली नाहीशी होते ती वर्षातून दोनच दिवस, मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेही बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. दिल्लीत तर कधीच नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. मेमध्ये अंगणात काठी सरळ उभी करून हे मूलही तपासू शकतं.

इतिहासासाठी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचा व्हिडिओ शोधा. जन्म सोलापूर, १९१०. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक. १९४२ च्या डिसेंबरात तिथंच निधन. किंवा इंग्रजांनी १९३० मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉवरचा, म्हणजे लष्करी राजवटीवरचा पाहा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चारही नावं येतात का, साल बरोबर आहे का, की नुसतं ढोलताशांचं संगीत आणि कुठल्याशा दुसऱ्याच मोर्चाचे फोटो? आपल्या गावाबद्दल जो हयगय करतो, तो अकबराबद्दल किंवा चंद्रयानाबद्दल जास्त काळजी घेत असेल असं मला वाटत नाही.

भाषेकडं कान द्या. आपल्याकडं घरात तेलुगू किंवा कन्नड आणि शाळेत मराठी अशी पुष्कळ मुलं आहेत. व्हिडिओतला आवाज यंत्राचा असेल आणि 'शाळा'ला 'शाला' म्हणत असेल, तर ती मुलं तसंच उचलतात. गणितात पुस्तक 'छेद' म्हणतं आणि व्हिडिओ 'हर' म्हणतो, असंही होतं. बालभारतीचं पुस्तक उघडं ठेवून ताडून पाहा.

'मुलांसाठी बनवलेलं' या शिक्क्यानं फसू नका. २०१९ मध्ये मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल गूगल आणि यूट्यूबनं अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरले आणि त्यातून ही खूण आली. बहुतेक वेळा ती चॅनेलवाला स्वतःच लावतो. माहिती बरोबर आहे की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. अशा व्हिडिओंखाली प्रतिक्रियाही बंद असतात, म्हणजे चूक दाखवणारा दुसरा पालक तुम्हाला तिथं भेटणार नाही.

आता मुलाला शेजारी घ्या. एक व्हिडिओ दाखवा, फोन उलटा ठेवा आणि काहीच विचारू नका. ते उठून काही करायला गेलं, एखादा प्रश्न विचारला, बाटलीचं झाकण शोधायला लागलं, तर चॅनेल कामाचं. अरविंद गुप्ता यांचे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे व्हिडिओ मी म्हणूनच पहिले सुचवते. छोटे असतात, मराठीतही आहेत, आणि संपले की हात शिवशिवतात. मूल फक्त "पुढचा लाव" म्हणत राहिलं, फोन काढून घेतल्यावर आदळआपट केली, तर माहिती कितीही बरोबर असो, मी ते चॅनेल रोजच्या यादीत घेत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. जेवू घालताना फोन पुढं धरणाऱ्या आयांना हे मी हात जोडून सांगते.

चॅनेल पास झालं की यूट्यूब किड्स ॲपमध्ये पालकांनी निवडलेलंच दिसेल अशी सोय चालू करा. मग मुलाला शोधता येत नाही, तुम्ही मंजूर केलेलंच समोर येतं. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नवे व्हिडिओ पुन्हा चाळा.

मूल दहा वर्षांपुढचं असेल तर नापास झालेला व्हिडिओ लगेच पुसू नका. तो त्यालाच दाखवा, यात एक चूक आहे म्हणून सांगा, आणि ती शोधायला पुस्तक हाती द्या.