बिसाउची काजू बी मागवायची तर

कोकणातला हंगाम मे अखेर आटोपला की वेंगुर्ले, मालवण, आजरा, चंदगडच्या कारखान्यांपुढे तोच प्रश्न उभा राहतो: बायकांना वर्षभर काम द्यायचे तर बी कुठून आणायची? टांझानियाचा माल ऑक्टोबरनंतर निघतो. बेनिनने 1 एप्रिल 2024पासून कच्च्या बीच्या निर्यातीवर बंदी जाहीर केली. मग मुख्यतः उरतात आयव्हरी कोस्ट, घाना आणि गिनी-बिसाउ. यांत गिनी-बिसाउचा माल गराच्या उताऱ्यात (बीतून निघणाऱ्या गराच्या प्रमाणात) सहसा वरचढ असतो, पण तो नीट हातात पडणे सगळ्यांत अवघड. खाली जे लिहिले आहे ते पहिल्यांदा एक-दोन कंटेनर मागवणाऱ्या मध्यम कारखानदारासाठी.

देश आधी समजून घ्या

गिनी-बिसाउ सुमारे 36,000 चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या कोकण विभागाहून थोडा मोठा. उत्तरेला सेनेगल, पूर्वेला आणि दक्षिणेला गिनी, पश्चिमेला अटलांटिक आणि त्यात बिजागोश बेटे. किनारपट्टी खाड्यांनी चिरलेली: काशेउ, मान्सोआ, गेबा, कोरुबाल. देशाच्या निर्यात उत्पन्नातला जवळपास 90 टक्के वाटा एकट्या काजू बीचा आहे. फोडून गर काढण्याचे काम तिथे फारच थोडे होते. कारखान्याला विजेचा भरवसा लागतो, आणि 2023च्या ऑक्टोबरात तर बिल थकले म्हणून किनाऱ्याला लावलेल्या तुर्की वीजजहाजाने पुरवठा तोडला आणि अख्खी राजधानी बिसाउ अंधारात गेली. त्यामुळे बी कच्चीच बाहेर पडते, मुख्यतः भारताकडे आणि व्हिएतनामकडे.

हंगाम एप्रिल ते जून. पाऊस जूनमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो, म्हणजे आपल्यासारखाच. सगळी अडचण इथून सुरू होते. एप्रिल-मेमध्ये वेचलेली बी कडक उन्हात वाळते. जूनमधली बी ओल्या जमिनीवर पडते, बोंडासकट ढिगात राहते आणि गराला डाग धरतो. उत्तरेकडच्या ओइओ आणि काशेउ, राजधानीलगतचा बिओंबो, दक्षिणेकडचा किनारा (नाव खरोखरच तेच आहे) आणि मधला बाफाता हे बागांचे मुख्य भाग. पूर्वेकडचे गाबू कोरडे, दक्षिणेचे तोंबाली फार पावसाचे. माल ‘बिसाउ ओरिजिन’ एवढेच सांगून विकणाऱ्याला भाग आणि वेचणीचा महिना दोन्ही विचारा. उत्तर देता आले नाही तर तो दलालाचा दलाल आहे.

बोंडांचे तिथे काय होते हे गोव्याच्या माणसाला सांगावे लागणार नाही: बायका रस पिळून त्याची वाइन करतात, काही ठिकाणी ऊर्ध्वपातनही. दोन्हीकडे झाड आले ते पोर्तुगीजांच्या वाटेने, आणि ‘काजू’ हा शब्द आजही दोन्हीकडे चालतो. गोवा 1961 साली मुक्त झाला. गिनी-बिसाउने 1973 साली स्वातंत्र्य जाहीर केले आणि पोर्तुगालने ते पुढच्या वर्षी मान्य केले. कागदपत्रांची भाषा अजूनही पोर्तुगीजच आहे, म्हणून करार इंग्रजीत असला तरी पोर्तुगीज वाचणारा माणूस हाताशी ठेवा. गोव्यात असा माणूस मिळणे कठीण नाही.

सरकारी दर आणि खरा दर

दरवर्षी हंगामाच्या तोंडावर सरकार ‘मोहीम’ उघडल्याचे जाहीर करते आणि शेतकऱ्याला द्यायचा आधारदर सीएफए फ्रँकमध्ये (पश्चिम आफ्रिकेतल्या काही देशांच्या समाईक चलनात) ठरवते. देखरेख राष्ट्रीय काजू संस्थेकडे, म्हणजे आंकाकडे असते, आणि निर्यातीला परवाना लागतो. हा आधारदर म्हणजे बाजारभाव असे समजू नका. 2018 साली तो किलोला 1000 फ्रँक ठरवला गेला. त्या भावाने व्यापाऱ्यांनी माल उचललाच नाही, बी गावागावांत पडून राहिली आणि हंगाम वाया गेल्यासारखा झाला. उलट कमी दराच्या वर्षी बी रात्रीतून सेनेगलच्या हद्दीत जाते आणि बिसाउ बंदरावर मालाचा तुटवडा भासतो. दोन्ही वेळी तुमचा पुरवठादार उशीर करणार, कारण मात्र वेगवेगळी असणार.

सीएफए फ्रँक युरोला बांधलेला आहे: 1 युरो म्हणजे 655.957 फ्रँक, यात रोज बदल होत नाही. शेतकऱ्याचा दर 400 फ्रँक असेल तर तो सुमारे 61 युरोसेंट झाला. तुमचा करार मात्र डॉलरमध्ये असतो. युरो वधारला की तिकडची खरेदी डॉलरमध्ये महाग होते आणि पुरवठादार आधीच्या भावाला मागे सरतो. दर ठरवताना ही चाल पाहत जा.

आणि सत्तेचे म्हणाल तर 1980, 1999, 2003, 2012 आणि 2025 या सालांत लष्कराने सरकार उलथवले. 2025च्या उठावाआधी घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि लोकसभा असे तिघे सत्ता वाटून घेत, आणि त्यांच्यातले भांडण हेच बहुतेक वेळा पेचाचे मूळ असे. व्यापारासाठी याचा अर्थ साधा: बंदर, बँका, सीमा अचानक बंद होऊ शकतात. करारात ‘अपरिहार्य परिस्थिती’चे कलम हवेच, आणि बंदर किती दिवस बंद राहिले तर करार रद्द, हा आकडाही लिहून घ्या.

उतारा कसा काढायचा

दर टनाला ठरतो, पण तुम्ही विकत घेता तो गर. एका 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड वापरण्याजोगा गर निघतो, त्याला आउटटर्न म्हणतात. चांगल्या वर्षी बिसाउचा माल 50च्या वर जातो. किलोला नग साधारण 200 ते 220 भरतात. नग कमी म्हणजे बी मोठी, म्हणजे 240 नंबरचा (पौंडात सुमारे 240 नग भरणारा, मोठा) गर जास्त.

नमुना काढताना फसवणूक जास्त होते. पुढच्या रांगेतली पोती उघडून देतील, तर नको म्हणा. दहापैकी किमान एक पोते, तेही ढिगाच्या मधून आणि खालून, निवडा. प्रत्येकातून तोंडाची, मधली आणि तळाची बी घ्या. सगळी एका ताडपत्रीवर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा मिसळा. असे करत शेवटी एकेक किलोचे दोन नमुने ठेवा. एक कापायला, एक सीलबंद राखीव. वाद झाला तर राखीवच तुमच्या कामी येतो.

आता एक किलो बी मोजा. नग लिहून ठेवा. अडकित्त्यासारख्या कटरने प्रत्येक बी उभी दोन भागांत कापा. हातमोजे घाला. टरफलातले तेल त्वचेला लागले की फोड येतात. निघालेला गर सालीसकट वेगवेगळ्या वाट्यांत टाका: पूर्ण चांगला, डागी, सुरकुतलेला, बुरशी लागलेला, किड्याने पोखरलेला, आणि रिकामी टरफले. पहिल्या दोन वाट्या हिशेबात येतात. चांगला गर पूर्ण, डागी गर निम्मा.

उदाहरण घेऊ. चांगला गर 284 ग्रॅम, डागी 14 ग्रॅम. म्हणजे 284 आणि 7 मिळून 291. याला 80ने गुणा आणि 453.6ने भागा: 51.3 पौंड. दोन्ही नमुन्यांत अर्ध्या पौंडापेक्षा जास्त फरक आला तर नमुना नीट मिसळला नाही, पुन्हा काढा.

पैशात हिशेब असा. समजा करार 50 आउटटर्नवर टनाला 1500 डॉलर आहे. म्हणजे टनामागे आउटटर्नच्या एका पौंडाला 30 डॉलर. 16 टनांच्या कंटेनरमध्ये माल 48 निघाला तर 960 डॉलरची वजावट हवी. ही वजावट करारात गणितासकट लिहा, आणि अमुक आकड्याखाली माल नाकारण्याचा हक्कही. नुसते ‘चांगल्या प्रतीचा माल’ असे लिहिले तर काही हाती लागत नाही. तपासणी भरतानाची ग्राह्य धरायची की उतरवतानाची, हेही ठरवा. पुरवठादार पहिली मागेल. तुम्ही दुसरी मागा, किमान दोन्हींची सरासरी.

ओल म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे पैसे

भरताना ओल 8 ते 10 टक्क्यांच्या आत हवी. मीटर नसला तरी अंदाज येतो: चांगली वाळलेली बी मुठीत हलवली की आत गर खुळखुळतो आणि नखाने टरफल दबत नाही. 10 टक्के ओलीचा 16,000 किलो माल वाटेत वाळून 8 टक्क्यांवर आला तर वजन 15,652 किलो भरते. 348 किलो, म्हणजे सव्वाचार पोत्यांहून जास्त, फक्त पाणी होते. ही घट कोणाच्या माथी, हे करारात नसले तर ती तुमच्याच माथी.

पोती तागाचीच. प्लास्टिकच्या गोणीत बी घुसमटते आणि कुबट वास धरते. कंटेनर भरण्याआधी तपासनीसाला आत उभे करून दारे लावून घ्यायला सांगा. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार, कंटेनर बदलून घ्या. तळाला आणि भिंतींना जाड कागद, छताला टांगलेल्या ओल शोषणाऱ्या पिशव्या, आणि लाकडी तळ कोरडा. रात्री लोखंड थंड झाले की आतल्या वाफेचे छताला पाणी होते आणि ते वरच्या थरावर टपकते. माल पोचल्यावर म्हणून पहिल्यांदा वरचीच पोती उघडा.

बिसाउ बंदर गेबाच्या मुखावर आहे, गाळाने उथळ झालेले. मोठी जहाजे तिथे लागत नाहीत. छोट्या जहाजाने माल दुसऱ्या बंदरात जातो, तिथे चढउतार होते. 2023 अखेरपासून बरीच जहाजे तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली. दोन महिने धरून चला. जूनअखेर भरलेला माल ऑगस्टअखेरीस येतो, म्हणजे न्हावा शेवा किंवा नवे मंगळूर बंदरावर ऐन पावसात. गोदामात पोती भिंतीपासून फूटभर आणि जमिनीपासून फळ्यांवर वर ठेवायची तयारी आधीच हवी. उघडीप मिळाली की ओलसर पोती पसरा, पावसात कंटेनर उघडू नका.

कागद आणि पैसे

परदेश व्यापार महासंचालनालयाचा आयईसी क्रमांक (आयात-निर्यातदाराचा क्रमांक) तुमच्याकडे असायला हवा. तिकडून बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), इनव्हॉइस, वजनाचा व दर्जाचा दाखला, फायटोसॅनिटरी (माल कीडरोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र, धुरीकरणाचा दाखला आणि मूळ देशाचे प्रमाणपत्र येते. शेवटचे हलके समजू नका. अल्पविकसित देशांच्या मालाला भारताने शुल्कसवलत दिली आहे, पण त्या कागदावाचून ती मिळत नाही. 2018च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरचे मूळ सीमाशुल्क 5 वरून 2.5 टक्के केले होते. आजचा दर आणि सवलतीची अट तुमच्या कस्टम एजंटकडून ऑर्डर देण्याआधी लेखी घ्या, माल धक्क्याला लागल्यावर नाही.

आगाऊ पैसे पाठवू नका. पश्चिम आफ्रिकेच्या नावाने बनावट विक्रेते पुष्कळ आहेत: भाव बाजाराहून बराच खाली, फोटो सुंदर, आणि ‘मोहीम संपत आली’ अशी घाई. परवान्याची प्रत मागा, माल पाहायला स्वतंत्र तपासणी कंपनी पाठवा, आणि पैसे लेटर ऑफ क्रेडिटनेच (ठरलेले कागद आल्यावरच बँक पैसे देते अशा हमीपत्राने) द्या. त्यात तपासणी दाखल्याची अट घाला आणि त्या दाखल्यात किमान आउटटर्न व कमाल ओल हे दोन आकडे असलेच पाहिजेत असे लिहा. पहिल्या वर्षी एकच कंटेनर, मे महिन्यात वेचलेल्या मालाचा.