आईची छाट कुणाला दिसते? : कल्याण अर्थशास्त्राकडे वळणाऱ्या सीमाभागातल्या मुलामुलींसाठी

निपाणीत आमच्या गल्लीत दुपारची भांडी घासून झाली की उंबऱ्याउंबऱ्यावर सूप मांडलेलं असायचं. भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, तंबाखू, कात्री, दोरा. आई पान कापायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांच्या एका वळशात बिडी गुंडाळायची आणि नखानं तोंड दुमडायची. संध्याकाळी माल घेऊन गेल्यावर चेकर कट्टे हातात फिरवून बघायचा आणि काही बिड्या बाजूला काढायचा. ती छाट. छाटीची मजुरी नाही, आणि बिड्याही परत नाहीत.

एम.ए.साठी मी बेळगावला आले. पहिल्याच वर्षी कल्याण अर्थशास्त्राचा, म्हणजे समाजाचं भलं कशात आहे आणि ते कसं मोजायचं याचा, पेपर होता. पिगू, पॅरेटो, ॲरो, रॉल्स, सेन अशी नावं आणि पुढं सालं मी पाठ केली. अंतर्गत परीक्षेत ‘रॉल्सच्या मते सर्वांना सारखं वाटप म्हणजे न्याय’ असं ठामपणे लिहिलं आणि वीसपैकी सात गुण मिळाले. सरांनी पेपर देताना घरी कोण काय करतं ते विचारलं, आणि मग म्हणाले, “यातल्या कुणाला तुझ्या आईची छाट दिसते, ते आठवडाभरात लिहून आण.”

या विषयात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी आज तोच गृहपाठ देते. न्यायाचा प्रत्येक सिद्धांत काही माहिती हिशेबात घेतो आणि काही माहिती दाराबाहेर ठेवतो. ही दृष्टी अमर्त्य सेन यांची, आणि ती हाताला लागली की सालं आपोआप लक्षात राहतात.

सुरुवात उपयोगितावादापासून करा. बेंथॅमच्या परंपरेत सगळ्यांच्या सुखाची बेरीज हेच माप. पिगूनं १९२०च्या ग्रंथात त्यातून गरिबांच्या बाजूचा निष्कर्ष काढला: श्रीमंताच्या शेवटच्या रुपयापेक्षा गरिबाच्या हातातला रुपया जास्त समाधान देतो, म्हणून पैसा खाली सरकला तर एकूण कल्याण वाढतं. मग १९३२ साली रॉबिन्स म्हणाला की एकाचं सुख दुसऱ्याच्या सुखाशी ताडून पाहायला शास्त्रीय आधार नाही. त्या एका आक्षेपानं पिगूच्या युक्तिवादाचा पायाच हलला. सुखांची तुलनाच करायची नाही म्हटल्यावर हातात उरला पॅरेटो: कुणाचंही नुकसान न करता निदान एकाचं भलं होत असेल तर तो बदल चांगला.

आता छाटीकडे या. उद्या कारखानदारानं छाटीची मजुरी द्यायची ठरवली तर आईचं भलं होईल, पण कारखानदाराचे पैसे जातील. एकाचं नुकसान झालं, म्हणजे पॅरेटो या बदलाला सुधारणा म्हणत नाही. आणि आहे ती स्थिती वाईट आहे असंही म्हणत नाही. वाटणी कितीही विषम असली तरी ती पॅरेटोच्या दृष्टीनं इष्टतम असू शकते. हे वाक्य पुस्तकात वाचणं वेगळं आणि आईच्या सुपाशेजारी बसून समजणं वेगळं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय माझा आहे.

कॅल्डॉर आणि हिक्स यांनी १९३९ साली यावर वाट काढली: लाभ झालेले लोक नुकसान झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील तर बदल स्वीकारावा. इथं ‘राहू शकत असतील’ या शब्दांवर पेन्सिलनं गोल करा. भरपाई प्रत्यक्ष द्यावीच लागते असं ही कसोटी सांगत नाही. बेळगावची मुलं हे लगेच पकडतात, कारण हलगा-मच्छे बायपाससाठी जाणाऱ्या सुपीक जमिनीचा वाद त्यांनी घरात ऐकलेला असतो. रस्त्यामुळं वाचणाऱ्या वेळेचा आणि डिझेलचा हिशेब जमिनीच्या किमतीपेक्षा मोठा निघेलही. पण ज्याचं वावर गेलं त्याच्या हातात काय पडलं, हा प्रश्न या कसोटीत शिरत नाही. सिटॉव्हस्कीनं १९४१ साली दाखवलं की हीच कसोटी एकदा बदलाच्या बाजूनं आणि बदल झाल्यावर परत जाण्याच्या बाजूनंही कौल देऊ शकते. परीक्षेत आकृती विचारतात, ती चार-पाच वेळा हातानं काढा.

रॉल्सवर मात्र वेळ घालवा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात. १९७१च्या ग्रंथात तो म्हणतो, समाजाचे नियम अज्ञानाच्या पडद्याआडून ठरवा. आपण कारखानदाराच्या पोटी जन्मणार की बिडीवालीच्या, हे माहीत नसताना. त्याच्या मते आपण आधी सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्य मागू, मग संधीची खरी समानता, आणि विषमता फक्त तेवढीच चालवून घेऊ जिचा सर्वांत तळातल्या माणसाला फायदा होतो. म्हणजे समान वाटप हा रॉल्सचा निष्कर्ष नव्हेच.

वर्गात मी फळ्यावर तीन व्यवस्था लिहिते. पहिलीत दोघांना १० आणि १०. दुसरीत १२ आणि ३०. तिसरीत ९ आणि ६०. निव्वळ समता हवी असेल तो पहिली उचलेल. बेरीज करणारा तिसरी, कारण ६९ सर्वांत मोठी. रॉल्स दुसरी उचलेल, कारण तळातल्या माणसाला तिथं १२ मिळतात. गंमत म्हणजे हर्सान्यी यानं रॉल्सच्या आधी, १९५३ आणि १९५५च्या लेखांत, जवळपास असाच पडदा वापरला आणि निष्कर्ष उलटा काढला: कुठल्याही जागी जन्मण्याची शक्यता सारखी धरली तर शहाणा माणूस सरासरी बघेल, म्हणजे तिसरी. पडदा एकच आणि उत्तरं दोन. जोखमीकडं तुम्ही कसं बघता यावर सगळं आलं. इथं एक सावधगिरी बाळगा. रॉल्स हे आकडे सुखाचे धरत नाही. हक्क, संधी, उत्पन्न, स्वाभिमानाचा आधार अशा प्राथमिक वस्तूंचे धरतो. पाठ्यपुस्तकातली, फक्त तळातल्याचा वाटा मोजणारी काटकोनी वक्ररेषा त्याच्या नावानं ओळखली जाते, पण ती त्याच्या विचाराचा एक तुकडा आहे.

मग सेन. सरांच्या गृहपाठासाठी मी आईला विचारलं होतं, “छाटीचं तुला वाईट नाही वाटत?” ती सुपातून मान वर न काढता म्हणाली, “काय वाईट वाटायचं बाळा? हाताला काम हाय, चूल पेटतीय. बरं चाललंय की.” मी ते तसंच लिहून नेलं. सरांनी त्या ओळीखाली रेघ मारली. सुखच मोजायचं ठरवलं तर आई सुखी निघते. वर्षानुवर्षं जे मिळत नाही त्याची इच्छाच माणूस सोडून देतो, आणि मग सुखाचं माप त्याच्या वंचनेवर पांघरूण घालतं. सेन यांचा उपयोगितावादावरचा हा सर्वांत भेदक आक्षेप. १९७९च्या ‘समता कशाची?’ या व्याख्यानात त्यांनी उत्तर दिलं की माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो, काय होऊ शकतो, ते बघा.

मी प्रश्न बदलला. “अंधार पडल्यावर सुईत दोरा ओवता येतो का तुला?” आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “दोन वर्सं झाली, शेजारच्या पोरीकडनं ओवून घेतो मी.” तिला चष्मा हवा होता. कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

कोल्हापूर जवळ असल्यानं एक गोष्ट आवर्जून सांगते. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या त्या २६ जुलै १९०२ रोजी, रॉल्सच्या ग्रंथाच्या ६९ वर्षं आधी. आपल्या मुलांना सामाजिक न्याय ही परदेशातून आलेली कल्पना वाटते, तेव्हा हा दाखला त्यांच्यासमोर ठेवायलाच हवा.

नोझिकचं १९७४चं पुस्तक अनेकजण घाईत बाजूला सारतात. तसं करू नका. तो शेवटची वाटणी बघतच नाही, ती कशी घडली ते बघतो: मालमत्ता रीतसर मिळवली का आणि स्वखुशीनं हस्तांतरित झाली का. खानापूर तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीनं यावर हक्कसोडपत्राचं उदाहरण घेतलं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, तरी रजिस्टर ऑफिसात जाऊन बहिणी भावांच्या नावे सही करून येतात. कागदावर सगळं स्वखुशीचं. पण सही केली नाही तर माहेर तुटेल, या भीतीपोटी केलेली सही स्वखुशीची म्हणायची का? वर्गात दोन तास वाद झाला आणि दोन मुली रडल्या. नोझिकनं मागच्या अन्यायाच्या दुरुस्तीचंही तत्त्व मांडलंय, ते बहुतेक उत्तरपत्रिकांत गाळलेलं असतं.

निष्पक्ष वाटणीचं गणित याच्या शेजारीच ठेवून शिका. थोरल्यानं दोन वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा, ही रीत आपल्या घरांत ऐकून माहीत असते. नाल्याकाठचा मळा आणि वरचा माळ यांची किंमत सारखी नसते, म्हणून वाटे पाडणारा दोन्ही बाजू स्वतःच्या नजरेत समतोल ठेवतो आणि कुणालाच दुसऱ्याच्या वाट्याचा हेवा वाटत नाही. भाऊ तीन झाले की मात्र ही युक्ती पुरत नाही; तिघांसाठी हेवामुक्त पद्धत सापडायला १९६०च्या सुमारापर्यंत वाट पाहावी लागली. हेवा नसणं ही न्यायाची कसोटी म्हणून अर्थशास्त्रात फोली यानं १९६७ साली आणली.

सीमेवर राहिल्यामुळं आपल्याला एक जिवंत प्रयोगशाळाही मिळालीय. निपाणीतली जाऊ कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये घेते, ते कुटुंबप्रमुख बाईला मिळतात. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला दिलेल्या नणंदेला लाडकी बहीण योजनेचे १५०० मिळतात, तिथं वय आणि कुटुंबाचं अडीच लाखांपर्यंतचं उत्पन्न बघतात. कर्नाटकात जून २०२३पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसचा प्रवास बायकांना मोफत, महाराष्ट्रात एसटीला निम्मं तिकीट. कुठली योजना चांगली, यावर भांडू नका. एकक कुटुंब धरलंय की व्यक्ती, घरातली सून हिशेबात येते का, आयकर भरणारं घर का वगळलं, हे विचारा. प्रबंधासाठी एवढा विषय पुरेसा आहे.

आता भाषेचं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, महाविद्यालयात कन्नड बोलणारे मित्र, पुस्तकं इंग्रजी, हा ताण मी भोगलाय. मी दोनशे पानी वहीत तीन रकाने आखले आणि प्रत्येक संज्ञा तिन्ही भाषांत लिहिली. कन्नडचा रकाना शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीनं भरून दिला, तिला मराठीचा मी. व्याख्या पाठ करण्याआधी ती संज्ञा घरच्या भाषेत कुणाला तरी समजावून बघा. अडखळलात तर तिथंच तुमचं कच्चं आहे.

गणिताला घाबरून ॲरो सोडू नका. सगळ्यांच्या पसंतीक्रमांतून, काही साध्या अटी पाळून, समाजाचा एकच सुसंगत क्रम काढता येत नाही, हे त्याचं १९५१चं प्रमेय. त्याला संच, संबंध आणि संक्रमकता (पहिला दुसऱ्यापेक्षा वर, दुसरा तिसऱ्यापेक्षा वर, तर पहिला तिसऱ्यापेक्षा वर) एवढंच लागतं, कलन लागत नाही. वॉर्डातल्या तीन गटांना पाणी, रस्ता आणि शाळेची खोली यांचे वेगवेगळे क्रम द्या, दोन-दोन पर्यायांवर मतं घ्या आणि चक्र कसं फिरतं ते कागदावर बघा. त्याशिवाय प्रमेयाच्या सिद्धतेला हात लावू नका.

नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, अभ्यासक्रमात कल्याण अर्थशास्त्राची मूलभूत प्रमेयं आणि सामाजिक कल्याण फलन आहे. आयईएसला, म्हणजे भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला, भरपाईचं तत्त्व आणि सामाजिक निवडही आहे. नेटसाठी आकृत्या आणि गृहीतकं पक्की करा, आयईएससाठी लेखी उत्तरांचा सराव वर्षभर आधी सुरू करा. आणि पहिल्या सत्रातच, पुस्तक उघडायच्या आधी, घरातल्या एका बाईचा एक अख्खा दिवस पहाटेपासून झोपेपर्यंत लिहून काढा. ती वही जवळ ठेवा. प्रत्येक नवा सिद्धांत आला की त्या दिवसातलं काय त्याला दिसतं, काय दिसत नाही, ते समासात लिहीत जा. माझ्या वहीत आईच्या दिवसाभोवती आता समासाला जागा उरलेली नाही, म्हणून मी वेगळी पानं चिकटवलीत.