व्हीआरमध्ये ऑपरेशनचं प्लॅनिंग करायचंय? हेडसेटचं नंतर बघा

व्हीआर म्हणजे हेडसेट घालून पेशंटच्या अवयवाचं थ्रीडी मॉडेल समोर असल्यासारखं बघणं, आणि सगळे आधी विचारतात हेडसेट कुठला घेऊ. तो प्रश्न बाजूला ठेवा, कारण आत जे दिसणार ते सीटी स्कॅनमधूनच येणार, आणि स्लाइस (स्कॅनमधले काप) जाड असतील तर बारीक रक्तवाहिनी कुठल्याच हेडसेटमध्ये दिसणार नाही. रेडिओलॉजीवाल्यांना आधीच सांगून १ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस मागून घ्या.

समजा किडनीतली गाठ काढायचीय आणि बाकीची किडनी वाचवायचीय. मग एका फेजवर (म्हणजे एकाच वेळेच्या स्कॅनवर) भागत नाही. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) दिल्यावर धमन्या आधी उजळतात, शिरा नंतर, आणि लघवी गोळा होते तो भाग काही मिनिटांनी, म्हणून तिन्ही फेज हव्यात. साधारण चारातल्या एका माणसाला किडनीची जादा धमनी असते, ती आधी माहीत नसेल तर क्लॅम्प (धमनी दाबून बंद करणारा चिमटा) लावूनही रक्त थांबत नाही.

डायकॉम फाइल (स्कॅन ज्यात साठवतात त्या) घरच्या किंवा दुसऱ्या कंप्युटरवर न्यायच्या आधी त्यातलं पेशंटचं नाव, नंबर काढून टाका. आणि डोक्याचा स्कॅन असेल तर नाव काढूनही थ्रीडीत चेहरा ओळखू येतो, हे लक्षात असू द्या.

आता खरं काम, सेगमेंटेशन, म्हणजे स्कॅनमधून प्रत्येक अवयव वेगळा काढणं. त्यासाठीचं थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे (पण रिसर्चसाठी, त्याच्या एकट्याच्या भरवशावर निर्णय घ्यायचा नाही). हाऊन्सफिल्ड स्केलवर (सीटीत कुठली जागा किती दाट ते सांगणारे आकडे) हवा उणे १०००, पाणी ०, हाड काही शेकड्यांपासून हजाराच्या पुढेही. गंमत अशी की कॉन्ट्रास्ट भरलेली महाधमनीसुद्धा हाडाच्याच रेंजमध्ये येते, त्यामुळे नुसता थ्रेशोल्ड (ठराविक आकड्याच्या वरचं सगळं निवडणं) लावला की मणका आणि महाधमनी एकमेकांना चिकटून येतात, ते हाताने तोडावं लागतं. गाठीची कडा तर स्लाइस बाय स्लाइस स्वतः काढा, ऑटोमॅटिक टूलने काढली तरी प्रत्येक स्लाइसवर ताडून बघा, इथे अर्धा तास जास्त गेला तरी जाऊ द्या. स्मूदिंग जपून करा, मॉडेल गुळगुळीत छान दिसतं पण बारीक फांद्या गायब होतात, आणि नेमकी तीच फांदी गाठीला रक्त पुरवत असू शकते!

मग स्लायसरचं व्हर्च्युअल रिॲलिटी एक्स्टेन्शन टाका, स्टीमव्हीआर (हेडसेट चालवणारं सॉफ्टवेअर) चालू करा, हेडसेट जोडा. चित्र अडखळायला लागलं की मळमळतं, म्हणून हाडांचे त्रिकोण (ज्यांनी मॉडेलचा पृष्ठभाग बनतो ते) कमी करा, रक्तवाहिन्यांचे नको.

आत गेल्यावर मॉडेल आधी खऱ्या मापाचं ठेवा, मोठं करून बघितलं की गाठ आणि धमनीत भरपूर जागा आहे असं उगाच वाटतं. डावं-उजवं तपासा. पेशंट टेबलावर कुशीवर असणार असेल तर मॉडेलही तसंच वळवा, आणि ज्या बाजूने दुर्बिणीचा कॅमेरा आत जाणार तिथेच उभे राहा. मग एकेक थर लपवत जा, गाठीपर्यंत कुठली फांदी जाते, क्लॅम्प कुठे बसेल, गाठ किती खोल आहे. काही नवीन दिसलं की हेडसेट काढून मूळ स्लाइसवर तेच सापडतंय का बघा, नाही सापडलं तर ती सेगमेंटेशनची चूक समजा. स्कॅन पाठीवर झोपवून, श्वास रोखून काढलेला असतो, कुशीवर वळवून पोटात गॅस भरल्यावर किडनी थोडी सरकते, त्यामुळे मॉडेलवरची मिलिमीटरची मापं जशीच्या तशी धरू नका, कोण कोणाच्या मागे आहे तेवढं मात्र नीट लिहून ठेवा आणि दोन-तीन व्ह्यू सेव्ह करून ऑपरेशन थिएटरमधल्या स्क्रीनवर लावा.